पाहुण्यांची गुरं

फोन आला तेव्हा यशोधरा स्कूटर स्टँडवर चढवत होती. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर तिचं ऑफिस. खालची मशिनं दिवसभर घरघरतात, त्यामुळे फोनवर बोलायचं तर दुसऱ्या कानात बोट घालावं लागतं. नंबर अनोळखी होता. सकाळी सकाळी कोणाला विमा विकायचा असेल म्हणून ती कट करणार होती, पण हेल्मेट काढता काढता अंगठा भलतीकडे लागला आणि एक म्हातारा आवाज थेट कानात शिरला. "बाय, मी कौसाबाय बोलते, करंजपाड्याची. वळखलात ना?" ओळखलं, असं यशोधरा म्हणाली आणि खरंच ओळखलं. बदलापूरच्या पलीकडे, बारवीच्या रस्त्याला तो नऊ घरांचा पाडा. महिन्यापूर्वी तिथल्या माळावर तिने तीन दिवस काढले होते. कौसाबाई फार जपून बोलत होती, उसनं मागायला आलेल्या माणसासारखी. "ती पावन्यांची गुरा आता परत धाडली तर चालंल काय? तुमी परत येनार बोलल्या व्हत्या, म्हनून ठेवली. पन आता माळाव काय ऱ्हायला नाय." यशोधराने विचारलं, कुठल्या पाहुण्यांची गुरं? मग लहान मुलाला समजवावं तसं कौसाबाईने समजवलं, की तुमच्या मोजणीला आणली ती. तुम्हीच म्हणाला होता ना, गुरं चरतात का ते बघणार.

थोड्या वेळाने कळवते, असं सांगून यशोधराने फोन ठेवला आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसली. कारखान्यातला एक माणूस निळ्या कापडाचा गठ्ठा खांद्यावर घेऊन खाली येत होता, तो "बाजू, मॅडम" म्हणाला, तेव्हा ती भिंतीला चिकटून बसली. वर, तिच्या टेबलावर, एकशे चाळीस पानांचा अहवाल सहीसाठी ठेवलेला होता. अंबरनाथ आणि बदलापूरच्या पलीकडची जमीन आणखी किती भार सोसेल, किती माणसं, किती घरं, किती गुरं, याचा हिशोब. त्याला धारणक्षमता म्हणतात. त्यातलं वनस्पतींचं प्रकरण यशोधराचं होतं. करंजपाड्याच्या गायरानाबद्दल त्यात साडेतीन ओळी होत्या आणि त्या तिला तोंडपाठ होत्या: एकसष्ट गुरं आढळली, गवताचं उत्पन्न त्यांच्या निम्म्यांपुरतंही नाही, अतिचराईमुळे माळ अवनत झालेला आहे, सबब अन्य वापरासाठी विचारात घेता येईल. अन्य वापर म्हणजे काय, हे अहवालात लिहीत नाहीत. पालेगावच्या बाजूला गेलं की तो वापर वीस-वीस मजल्यांचा दिसतो. आज दुपारी बारा वाजता अहवाल वर जाणार होता. गायरान राहणार की जाणार हे त्या साडेतीन ओळींवर होतं, आणि त्या ओळी पाहुण्यांच्या गुरांनी लिहिल्या होत्या.

ती वर गेलीच नाही. वर अभिजीत असणार. तो तिचा वरिष्ठ, वाईट माणूस नव्हे. वाईट असता तर सोपं गेलं असतं, तिने त्याच्यावर राग काढला असता. त्याच्यासमोर बसून हे सांगितलं की तो समजुतीने मान हलवणार, चहा मागवणार आणि दहा मिनिटांत तिला पटवणार, की यात फारसं काही बिघडलेलं नाही. तिला पटण्याची भीती वाटली. स्कूटर वळवून ती अंबरनाथच्या रस्त्याला लागली. माळ डोळ्यांनी बघायचा, मग काय ते, एवढंच तिने ठरवलं.

अंबरनाथच्या कारखान्यांचा तो ओळखीचा आंबूस वास नाकात शिरला, तसा तिला सप्टेंबर आठवू लागला. आधी एकदा ती जागा ठरवायला गेली होती. उपाशी होती, घाईत होती, चपलेचा अंगठा तुटलेला. कौसाबाई ओटीवर बसली होती, सत्तरीची, काटक. नऊ घरांचं बोलणं तिच्या तोंडून होत असे. तिने विचारलं होतं, काय बघणार? आणि यशोधराने, चप्पल हातात घेऊन, सरळ माणसाला सरळ उत्तर द्यावं तसं दिलं होतं: माळ वापरात आहे का, गुरं चरतात का, ते बघायचं. चूक काय होतं त्यात? शब्द न् शब्द खरा होता. फक्त तिला हे माहीत नव्हतं, की दोन वर्षांमागे शेजारच्या पाड्यावर पाहणीला साहेब आले तेव्हा गुरं ओढ्यावर पाणी प्यायला गेली होती, आणि साहेबांनी माळ रिकामा बघून "वापरात नाही" असं लिहून नेलं. माहीत नव्हतं कारण तिने विचारलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये ती चौकट घेऊन गेली तेव्हा माळ गुरांनी भरलेला होता. पांढऱ्या पाइपांची एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट. ती गवतावर ठेवायची, आतलं गवत विळ्याने मुळाशी कापायचं, कागदी पिशवीत भरायचं, वाळवून वजन घ्यायचं. अशा तीस चौकटी. कापण्यासारखं गवतच नव्हतं. बोटभर उंचीचे खुंट. एके ठिकाणी तिला पवन्याचे जाड ठोंब दिसले होते, तेव्हा ती थबकली होती. पवन्या म्हणजे गुरांचं आवडतं गवत. जिथे वर्षानुवर्षं जास्त गुरं चरतात तिथे ते पहिलं जातं आणि कुसळ उरतं. इथे ठोंब शाबूत होते आणि वरचं पान नुकतंच खाल्लेलं. तिने वहीत प्रश्नचिन्ह काढलं, त्याभोवती गोल काढला आणि पान उलटलं. दुपारी कौसाबाईने चहा दिला, कोरा. एकसष्ट गुरं माळावर आणि चहा कोरा. इतकी शिकलेली बाई तू, यशोधरा, आणि कपात बघून तुला काही सुचलं नाही. निघताना पाडा निरोपाला उभा राहिला होता, तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली होती, येते परत एकदा, बघून जाईन. शहरातली माणसं असं बोलतात. दारातून निघताना तोंडाला येतं ते. ऐकणाऱ्यानेही ते तिथेच सोडून द्यायचं असतं. पाड्याने ते धरून ठेवलं, एक महिना.

बदलापूरच्या पुलावर ट्रक अडकला होता. इंजिन बंद करून ती थांबली, आणि तिथे, धुराळ्यात, तिला तिच्या मावशीची खोली आठवली. विठ्ठलवाडीच्या चाळीतली दहा बाय बाराची. यशोधरा तेव्हा नऊ वर्षांची. मावशीच्या रेशनकार्डावर सात नावं आणि घरात माणसं सहा. एक मुलगी, नूतन, गावाला राहायला गेलेली, पण नाव कमी करायला कोण जातं? एक दिवस बातमी आली की तपासनीस येणार. मावशीने यशोधराच्या आईकडून, भिमाबाईकडून, पोरगी मागून घेतली. हातउसनी साखर मागावी तितक्या सहज. आईनेही दिली. नवा फ्रॉक घातला, वेणी घातली आणि सांगितलं, तुझं नाव आज नूतन. दिवसभर ती मावशीच्या मोरीजवळ मांडी घालून नूतन होऊन बसली. माणूस आला, चष्म्यातून बघितलं, विचारलं, कितवीत आहेस? चौथीत, ती म्हणाली. हे खरंच होतं. त्याने खूण केली. त्या खुणेचा तिला किती अभिमान वाटला होता. आपण मोजले गेलो. आपल्यामुळे मावशीचं घर भरलं. संध्याकाळी ती घरी परत आली तर जेवताना मोठ्या भावाने, सम्यकने, खोटारडी म्हणून चिडवलं. ती रडली. तेव्हा आई पोळी लाटता लाटता शांतपणे म्हणाली होती, "त्यात खोटं काय? पोरगी तर खरी होती ना." यशोधराला हे वाक्य इतकी वर्षं गमतीचं वाटत आलं होतं. ऑफिसात तिने ते सांगून हशाही मिळवला होता. आज पुलावर ते तिला टोचलं. गुरंही खरी होती. तोंडं खरी होती. महिनाभर त्यांनी खरंच खाल्लं होतं. ऑक्टोबरात जे खोटं होतं ते आता नोव्हेंबरात अगदी खरं झालं असणार. आता जाऊन तिने पुन्हा तीस चौकटी टाकल्या तरी तेच उत्तर येईल, उलट आणखी वाईट. पाड्याने तिचा अहवाल खरा करून ठेवला होता. ट्रक हलला, मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नवर हात ठेवला, आणि तिला काही वेळ चावी फिरवायचं सुचेना.

माळ दुरून पिवळा दिसायला हवा होता. या दिवसांत पवन्या कमरेएवढा वाळून उभा असतो, माणसं तो कापून गंज्या रचतात आणि त्यावर होळीपर्यंत गुरं काढतात. माळ तांबडा होता. नुसती माती. त्यावर गुरं विखुरलेली, माना खाली, पण चरत नव्हती, हुंगत होती. यशोधराला त्यांच्या बरगड्या दिसल्या. एका बांड्या गाईने तर तरवडाचं पान तोंडात घेऊन टाकून दिलं. तरवडाला गुरं सहसा तोंड लावत नाहीत. कौसाबाई बांधावर सावलीला बसली होती. यशोधराला बघून ती उठली आणि तिच्या तोंडावर जो आनंद आला तो बघवेना. तुम्ही येणार हे माहीत होतं, पोरं म्हणत होती की नाही येणार, मी म्हटलं बाय बोलली म्हणजे येणार, असं ती सांगत सुटली. मग तिने गुरांकडे हात केला. मोजणीच्या वेळी पाड्याची तेवीस, बाकीची चार जावयांच्या आणि दोन व्याह्यांच्या गावची. सावडीने आणली. सावड म्हणजे आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. भातलावणीला माणसं आणि बैल असे फिरतात. मोजणीसाठी गुरं फिरवायची ही पहिलीच वेळ, पण नाही कोण म्हणणार? माळ गेला तर कोणाची लेक, कोणाचं माहेर उघड्यावर पडतं.

यशोधराने तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता सांगितलं, कारण आता सौम्य शब्द शोधण्याचीच तिला शिसारी आली होती. गुरं जास्त दिसली म्हणून माळ वापरात आहे असं मी लिहिलं नाही. माळ मोडला, असं लिहिलं. एवढी गुरं इथे पोसत नाहीत, म्हणून माळाचं दुसरं काही करावं, असा त्याचा अर्थ होतो. कौसाबाई ऐकत होती. तिचा चेहरा पडला नाही की भडकला नाही, फक्त हळूहळू बंद झाला, आणि यशोधराला वाटलं, शिवी दिली असती तर बरं. मग ती म्हणाली:

"गुरा नसली तं पडीक. गुरा असली तं मोडला. मंग बाय, किती असावी ते आधी का नाय सांगितला?"

याला उत्तर होतं. आधी सांगितलं असतं तर ती मोजणी राहिली नसती, हे उत्तर. विद्यार्थी असताना यशोधराने ते परीक्षेत लिहून चांगले गुण मिळवले होते. आता ते लागू पडत नव्हतं. कारण तिने सांगितलं होतंच की. चप्पल हातात धरून, एका वाक्यात. अर्धवट सांगितलं होतं, एवढंच.

ती थोडी लांब गेली आणि अभिजीतला फोन लावला. तो आधी हसला, मग अपेक्षेप्रमाणे फार समजूतदार झाला. त्याने तिच्यापुढे दोन वाटा मांडल्या आणि दोन्ही तिला आधीच माहीत होत्या. एक, जे आहे ते राहू द्यायचं. दोन, गावकऱ्यांनी बाहेरून गुरं आणली असं लिहायचं. "पण यशो, ते लिहिलंस तर हे लोक रेकॉर्डवर फ्रॉड झाले. उद्या सुनावणीत तोंड उघडलं की समोरचा तेच पान काढणार. त्यापेक्षा गप्प बसणं त्यांच्याच फायद्याचं आहे यार." यात खोट काढायला जागा नव्हती. समोर एक वासरू तिच्या ओढणीचं टोक चघळायला बघत होतं. ती सोडवून घेता घेता तिला तिचा स्वतःचा फॉर्म आठवला. गुरांची नोंद. संख्या, जात, वय, आणि शेवटचा रकाना: मालक. एकसष्ट ओळींत तिने वरून खालपर्यंत एक रेघ ओढून लिहिलं होतं, ग्रामस्थ. एकालाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर पहिल्याच गाईपाशी कोणीतरी सांगितलं असतं, ही आमच्या व्याह्यांची. लपवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. आजसुद्धा कौसाबाईने आपणहून फोन केला होता. फसवलं कोणी असेल तर त्या रेघेने. तिसरी वाट आहे, असं ती म्हणाली. माझं प्रकरण मी मागे घेते. चूक माझी, मी मालकी न विचारता रकाना भरला, आकडे बाद. अभिजीत म्हणाला, म्हणजे पूर्ण अहवाल एक वर्ष थांबणार, पुढचं गवत येईपर्यंत. हो, ती म्हणाली. तो म्हणाला, पुढच्या वर्षी हे काम तुला कोणी देणार नाही, मला द्यायचं असलं तरी देता येणार नाही. हेही तिला माहीत होतं. याही वेळी ती हो म्हणाली.

बांधावर बसून, मोबाइलवर, एका अंगठ्याने तिने ते पत्र लिहिलं. नऊ ओळी. सातव्या ओळीवर तिला आपली खोली दिसली, आईच्या गोळ्यांचा डबा, महिनाअखेर, आणि ती घाबरली. खूप घाबरली. कोणी तरी हातातून मोबाइल काढून घ्यावा असं वाटलं. कोणी घेतला नाही. तिने पाठवलं. बारा वाजायला चाळीस मिनिटं होती. पाठवल्यावर हलकं वाटेल असं तिने धरलं होतं, तसं काही झालं नाही. ती कौसाबाईपाशी आली आणि म्हणाली, एक वर्ष मिळालं. माळ या वर्षी कोणी घेत नाही. पाहुण्यांची गुरं आजच परत पाठवा, पुढच्या पावसात पवन्या पुन्हा येईल, मुळं जिवंत आहेत. पुढच्या वर्षी मोजणीला कोणी आलं तर काही करू नका. तुमची आहेत तेवढीच असू द्या. तेवीस होती ना? तेवीस या माळाला सहज पेलतात. तेवीस दिसली, गवत दिसलं, की कोणाची टाप नाही माळ मोडला म्हणायची.

कौसाबाईने हाळी दिली. दोन-तीन घरांतून माणसं आली, बोलणं झालं, आणि गुरं वळायला लागली. माहेरची वाट ओळखून काही आपणच पुढे निघाली. एक घोळका ओढ्याच्या अंगाने गेला, एक डांबरी रस्त्याला लागला, एक टेकाडामागे. यशोधरा बघत उभी होती. आता बाहेरची गेली की पाड्याची उरतील, मग त्यांची नीट, मालकाचं नाव विचारून नोंद करायची, निदान एवढं तरी हाताने व्हावं, म्हणून तिने पिशवीतून वही काढून ठेवली होती. शेवटची बांडी टेकाडामागे गेली. धूळ खाली बसली. माळावर काहीच उरलं नाही. तिने ओढ्याकडे बघितलं, करवंदीच्या जाळ्यांकडे बघितलं. मग कौसाबाईला विचारलं, तुमची कुठं आहेत?

"इकली," कौसाबाई म्हणाली. "मागल्या पंधरा दिसांत. मुरबाडच्या बाजारात." आणि यशोधराच्या तोंडाकडे बघून, तिला एवढं साधं कसं कळत नाही याचं नवल करत, तिने पुढे सांगितलं, "गवात दोघांना पुरं नव्हता, बाय. पावन्यांची उपाशी ठेवता येतात काय?"

यशोधराच्या हातातल्या वहीचं पान वाऱ्याने उलटत होतं, ते तिने दाबून धरलं. कौसाबाईने पदर सारखा केला, एकदा सबंध माळावरून नजर फिरवली आणि घराकडे निघाली. चार पावलांवर थांबून तिने मागे न वळताच विचारलं, चहा घेणार का, पण कोराच मिळंल.